मंडळीची ई-रिक्षा: अर्पण केल्यापासून अकरा महिने

परवा पुसदकडच्या एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेक्रेटरीचा फोन आला. "भाऊ, तुमच्या इकडे सेवेसाठी ई-रिक्षा घेतली म्हणे, कशी काय आहे?" हा चौथा फोन. दर वेळी मी अर्धा तास बोलतो आणि समोरच्याच्या लक्षात फक्त किंमत राहते. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

मी एसटीच्या डेपोत 31 वर्षं मेकॅनिक होतो. रिटायर झाल्यावर मंडळीनं खजिनदार केलं. गाडी आल्यावर कोणी न विचारताच तिचा मिस्त्रीही मीच झालो, वॉचमनही मीच आणि अर्धा ड्रायव्हरही मीच. कंपनीचं आणि डीलरचं नाव लिहीत नाही. एक तर डीलरशी माझा वाद अजून मिटलेला नाही. दुसरं म्हणजे या किमतीतल्या गाड्या उघडून पाहिल्या की आतून सगळ्या एकाच आईच्या लेकी निघतात, फक्त पुढच्या काचेवरचं स्टिकर वेगळं.

ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांच्यासाठी: गाडीला पाचपैकी तीन, आणि ती देवाला अर्पण केली त्या समर्पणाच्या उपासनेला पाचपैकी साडेचार. हो, उपासनेलाही मार्क देतोय. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, विचारूनच.

आमचं गाव दारव्हा-कारंजा रस्त्यापासून सहा किलोमीटर आत आहे. मंडळीची घरं 42, पण ती तीन गावांत आणि एका तांड्यात विखुरलेली. शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा लांबच्या बाया तिच्यानं स्टेशनापर्यंत यायच्या आणि तिथून पायी. आता रुळांवर बाभळी उगवल्या. रविवारी सकाळी काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही आणि भरते ती बाजाराच्या वेळेला, म्हणजे आशीर्वचन होऊन आम्ही चपला शोधत असतो तेव्हा. दोन-तीन वर्षांत मागचे बाक रिकामे होत गेले. म्हाताऱ्या मेल्या नव्हत्या, घरीच बसल्या होत्या. एक आजी मला म्हणाली होती, "येशू माह्या घरी येते रे, पण मले तुमचे तोंडं पाहाले भेटत नाही."

त्याच वर्षी चर्चमध्ये टाइल्स बसवायची टूम निघाली होती. फरशी खरंच उखडलेली होती, पावसाळ्यात ओल यायची. कमिटीत दोन तट पडले. तीन मीटिंगा झाल्या, चहाचं बिल वाढलं. शेवटी महिला संघानं सांगितलं की मूठ-डब्याचे पैसे गाडीसाठीच देऊ, टाइल्सला देणार नाही. मूठ-डबा म्हणजे रोज स्वयंपाकाला बसताना एक मूठ ज्वारी नाही तर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचा आणि महिन्याच्या शेवटी चर्चमध्ये आणून विकायचा. दोन वर्षांचे 23,000 रुपये जमले होते. त्या पैशांपुढे टाइल्सवाल्यांचं काही चाललं नाही.

बाकीचा हिशेब असा. हंगामाच्या सणाचा लिलाव 31,400. (त्यात एक कोहळं 1,100 रुपयांना गेलं. घेणाऱ्यानं ते परत दान केलं आणि पुन्हा 800 ला गेलं. कोहळ्यानं आयुष्यात एवढी इज्जत पाहिली नसेल.) घरोघर लिहून दिलेली वर्गणी 95,600. उधारी 18,000, ती मार्चमध्ये फिटली. एकूण 1,68,000, पासिंग आणि विमा धरून.

शेवटच्या मीटिंगमध्ये आमचे आबाजी उभे राहिले. वय 84, मंडळीतले सगळ्यात जुने पंच. म्हणाले, "घ्या बापा गाडी, पण नव्या गाडीचा बायबलातला अनुभव काही बरा नाही." सगळे हसले. ते मात्र गंभीर होते. दावीद राजानं कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, नव्या गाडीवर ठेवला, खळ्यापाशी बैल अडखळले, उज्जानं कोश सावरायला हात लावला आणि जागच्या जागी मेला. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. "नवी गाडी, वाजतगाजत नेली, अन् मैयत घेऊन आले," असं म्हणून आबाजी खाली बसले. मीटिंग तिथंच संपली, कारण यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गाडी आणायला आम्ही तिघं गेलो. डीलरच्या पोरानं पुढे लिंबू-मिरची बांधून ठेवली होती आणि नारळ हातात दिला. बिचाऱ्यानं प्रेमानंच केलं होतं. आमच्यातला एक जण तिथंच तत्त्वज्ञान सांगायला लागणार होता, त्याला मी डोळ्यानं गप्प केलं. नारळ घरी आणला, चटणी केली. लिंबाचं सरबत झालं. मिरच्या माझ्या बायकोनं भाजीत टाकल्या. आम्ही आमचं आमच्या चर्चमध्ये करू, एवढंच पोराला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्यात बी पूजा राहते का गाडीची?" आता काय सांगू? पूजा नाही म्हणालो. देवाला देऊन टाकतो आणि त्याच्याकडून वापरायला मागून घेतो. तो म्हणाला, "मंग इन्शुरन्स कोणाच्या नावावर?" हुशार पोरगा.

इथून पुढचं मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण फोन करणारे गाडीचं विचारतात आणि याचं कोणी विचारत नाही.

समर्पणाची तारीख ठरल्याबरोबर गावातून सूचना सुरू झाल्या. रिबन पाहिजे. प्रमुख पाहुणे पाहिजेत. बिछायत केंद्रातून स्टेज आणि दोनशे खुर्च्या पाहिजेत. एका इच्छुक उमेदवाराचा निरोप आला की भाऊ स्वतः फीत कापायला येतील आणि एक बॅनर त्यांच्याकडून. कमिटी थोडी पाघळली. बॅनर फुकट म्हटलं की कोणीही पाघळतो. पाळकसाहेब तीन गावं सांभाळणारे, वयानं माझ्या पोराएवढे, पण त्या दिवशी ठाम राहिले. म्हणाले, "फीत कापली की गाडी त्यांची होते. अर्पण केली की आपलीसुद्धा राहत नाही. दोन्ही एका दिवशी जमणार नाही." भाऊंना जेवायला बोलावलं. ते आले, इमानेइतबारे दोन रोडगे खाऊन गेले.

देणगीदारांची नावं गाडीवर लिहायची का, यावरही वाद झाला. 42 घरांची नावं लिहिली असती तर गाडी मतदारयादी दिसली असती. शेवटी मागच्या बाजूला एकच शब्द लिहायचा ठरला, "एबनेजर". शमुवेलानं दगड उभा करून दिलेलं नाव, इथवर देवानं मदत केली असा त्याचा अर्थ. पेंटरनं लिहिलं "एबजनेर". दोन महिने तसंच फिरलो. बाजारात एकानं विचारलं, ही कोणती कंपनी, ॲव्हरेज काय देते?

उपासना रविवारची, नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. गाडी चर्चच्या पायरीपाशी उभी. आतमध्ये प्रभूभोजनाच्या मेजावर पांढरं कापड आणि त्यावर स्टीलच्या थाळीत तीन वस्तू: गाडीची चावी, आरसी बुक आणि महिला संघाचा मूठ-डबा. डब्यावर कोण्या पोरीनं नेलपॉलिशनं फुल काढलेलं होतं, ते अर्धं उडालं होतं. थाळी तीच, जिच्यात दर रविवारी दान गोळा होतं. मला ते आवडलं. वेगळं चांदीचं ताट भाड्यानं आणायची कल्पनाही कोणीतरी काढली होती, ती बरी टळली.

उपदेशाला आमचे रिटायर झालेले पाळक आले होते. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला गेली, त्याआधी ती यवतमाळात होती, तेव्हाचे तिथले विद्यार्थी. एरवी यांचा उपदेश पाऊण तास. त्या दिवशी बारा मिनिटं, मी घड्याळ लावून पाहिलं. त्यांनी बायबलातल्या गणनाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय काढला. 89 वचनांचा अध्याय, बारा सरदार बारा दिवस तेच ते दान आणतात आणि लिहिणाऱ्यानं दर वेळी सगळी यादी पुन्हा लिहिली आहे. शब्बाथ शाळेत हा अध्याय वाटणीला आला की पोरं रडतात. पण पाळकसाहेब फक्त सुरुवातीलाच थांबले. वेदीच्या समर्पणाच्या वेळी सरदारांनी सगळ्यात आधी काय आणलं? सहा गाड्या आणि बारा बैल. दोन सरदारांमागे एक गाडी, प्रत्येकामागे एक बैल. म्हणजे वर्गणीच, म्हणाले. आणि मोशेनं त्या गाड्या निवासमंडपासमोर, म्हणजे देवाच्या तंबूसमोर, शोभेला ठेवल्या नाहीत. लगेच त्या तंबूची सेवा करणाऱ्या लेव्यांच्या घराण्यांना वाटून दिल्या. गेर्शोनाच्या लोकांकडे पडदे आणि कनाती होत्या, त्यांना दोन. मरारीच्या लोकांकडे फळ्या, खांब, उथळ्या असं जड सामान, त्यांना चार. कहाथाच्या लोकांना एकही नाही, कारण पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावर वाहायच्या होत्या.

मग ते आबाजींकडे वळले. "आबाजी, तुमचा प्रश्न माझ्या कानावर आलाय. दाविदाची गाडी नवी होती म्हणून अपघात नाही झाला. जे खांद्यावर न्यायचं ते गाडीवर टाकलं म्हणून झाला. गाडी कोणाला किती, ते ओझं पाहून ठरतं."

आबाजींनी मान हलवली. मग शेजारच्याच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "पोरगं शिकलं यवतमाळात" असं म्हणाले. पोरगं 71 वर्षांचं आहे.

"ओझं पाहून" हे तेव्हापासून आमच्या मंडळीत म्हणीसारखं झालंय. कमिटीतल्या एकाच्या भाच्याच्या लग्नात वरातीला गाडी मागितली तेव्हा महिला संघाच्या अध्यक्षबाईंनी एवढंच विचारलं, "नवरदेवाले चालता येते ना? मंग ओझं पाह्य." विषय संपला. ज्याला चालता येतं तो चालतो. गाडी गुडघ्यांसाठी, गरोदर बाईसाठी, तापानं फणफणलेल्या लेकरासाठी. जात-धर्म विचारत नाही. पहिल्या महिन्यात तांड्यावरच्या एका बाईनं विचारलं होतं, "आमी बसलो तं चालन का?" आता ती स्वतःच ड्रायव्हरला फोन लावून दटावते.

प्रार्थना पाळकसाहेबांनी बाहेर येऊन गाडीवर हात ठेवून केली. लांबलचक नव्हती. गाडी, रस्ता, ड्रायव्हर, बसणारे. ड्रायव्हर पोराला पुढे बोलावून गुडघ्यावर बसवलं, डोक्यावर हात ठेवले आणि थाळीतली चावी त्याच्या हातात दिली. तो चावी अशी धरून उभा होता की कोणी काढून घेईल. मग चार सगळ्यात म्हाताऱ्या बाया बसवल्या आणि टाळ-ढोलकीवर ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं भजन म्हणत गावातून फेरी काढली. बायबलात नहेम्यानं यरुशलेमच्या भिंतीच्या समर्पणाला गायकांचे दोन ताफे त्या भिंतीवरूनच चालवले होते. भिंतीला हसणारा तोबीया म्हणत होता ना की कोल्हा चढला तरी ही भिंत पडेल, म्हणून. आमच्याही गावात पाराखाली बसणाऱ्यांनी "कुत्रं टेकलं तरी उलटन" असं गाडीला म्हणून झालं होतं. त्यांच्या समोरून चार आज्या घेऊन गाडी गेली तेव्हा ड्रायव्हरनं हॉर्न जरा जास्तच वाजवला.

आणि मग मला आवडलेला भाग. फेरी संपते न संपते तोच निरोप आला की जेवणासाठी सांगितलेला पाण्याचा टँकर येत नाही. पंगत तयार, वांग्याची भाजी तयार, चुलीवर रोडगे भाजून झालेले आणि पाणी नाही. पाळकसाहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. पाच मिनिटांत झेंडूचा हार गळ्यात असलेली गाडी वीस लिटरच्या आठ कॅन आणायला निघाली. एक पंच कळवळले, "आत्ता अर्पण केली अन् आत्ता पाणी आणाले?" रिटायर पाळक पंगतीत बसले होते. पत्रावळीवरून मान न उचलता म्हणाले, "मरारीच्या वाटणीची आहे." मी तेव्हा त्यांना मनातल्या मनात सहावा मार्क दिला.

मग साडेचार का? चावी ड्रायव्हरला दिली, पण चार्जरचा प्लग कोणाच्या हातात देणार, हे उपासनेत कोणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी 31 वर्षं डेपोत होतो.

आता गाडी.

48 व्होल्टची, 12 व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या सीटखाली ओळीनं. कायद्यानं ई-रिक्षात ड्रायव्हर सोडून चार माणसं आणि 40 किलो सामान, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत. लायसन्सही वेगळं लागतं, त्याआधी दहा दिवसांचं ट्रेनिंग. आमच्या ड्रायव्हरनं ते केलंय. तुमच्याकडे "ट्रॅक्टर चालवतो, यात काय" म्हणणारा कोणी असेल तर त्याला चावी देऊ नका. तीनचाकीचं वळण ट्रॅक्टरवाल्याला कळत नाही.

डीलरनं सांगितलं होतं एका चार्जिंगमध्ये 100 किलोमीटर. हे ऐकून मी तिथंच हसलो होतो, कारण हे 100 शोरूमच्या फरशीवर, एक किडकिडीत ड्रायव्हर बसवून मोजलेले असतात. आम्हाला हिवाळ्यात चार माणसं घेऊन 65 मिळाले. मे महिन्यात 55. आता ऑक्टोबरमध्ये 48. मीटरवर 6,380 किलोमीटर झालेत. एका चार्जिंगला आठ-नऊ तास आणि सहा-सात युनिट, लाइन गेली नाही तर. रात्रीची लाइन आठवड्यातून दोनदा तरी दगा देते, म्हणून रविवारसाठी गाडी शुक्रवारी रात्रीच लावतो.

तालुक्याचा सरकारी दवाखाना 14 किलोमीटर, जाऊन-येऊन 28. तेवढं निवांत होतं. रस्त्यात नाल्यावर एक पूल आहे, त्याच्या चढावर चार जण घेऊन गाडी धापा टाकते. तिथं ज्याला उतरता येतं तो उतरतो. एक आजी दर वेळी उतरते आणि मागून एका हातानं ढकलल्यासारखं करते. "मी नसती तं चढली असती का?"

सीट चांगली आहे, पाय ठेवायला जागा भरपूर, फ्लोअर खाली असल्यानं म्हाताऱ्या माणसाला चढायला सोपं. हा या गाडीचा खरा गुण. ऑटोत चढताना जो पाय वर उचलावा लागतो तो इथं लागत नाही. डाव्या बाजूला धरायला मी पाइपाचा एक दांडा वेल्डिंग करून घेतला आणि त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली, उन्हात पाइप तापतो म्हणून. 180 रुपयांचं काम. कंपनीनं हे द्यायला पाहिजे होतं. टप बरा आहे, बाजूच्या ताडपत्र्या म्हणजे फक्त नावाला. पहिल्याच पावसात चेन तुटली, मग बाजारातून जाड ताडपत्री आणून शिंप्याकडून शिवून घेतली.

चिखलात ही गाडी नापास. आमची काळी माती तुम्हाला माहीत आहे. पांधण रस्त्यानं पुढचं एकच चाक गाऱ्यात रुततं आणि मागची दोन जागेवर फिरतात. जून ते सप्टेंबर आम्ही तांड्याच्या अलीकडे, डांबरी संपते तिथं थांबतो. तिथपर्यंत आज्यांना तरुण संघाची पोरं हात धरून आणतात, एकीला तर पाठुंगळीच. कहाथाची वाटणी, म्हणतात हसून.

जुलैमध्ये कंट्रोलर जळला. कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्या मधला डबा, ॲक्सिलेटर पिळला की किती करंट सोडायचा ते हा ठरवतो. तो सीटखाली अशा ठिकाणी बसवलाय की चाकानं उडवलेलं पाणी सरळ त्याच्यावर. एसटीत असं कोणी डिझाइन केलं असतं तर त्याला आम्ही वर्कशॉपमध्ये चहा पाजला नसता. डीलर म्हणाला, पाणी गेलं म्हणजे वॉरंटी नाही. मी म्हणालो, पावसाळ्यात रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत पाणी जाणार नाही तर काय जाईल? नऊ दिवस गाडी उभी राहिली. त्या नऊ दिवसांत दोन रविवार आले आणि मागचे बाक पुन्हा रिकामे दिसले. शेवटी 3,800 रुपये खिशातून भरले, कंट्रोलर वर सरकवून त्याला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची झालर लावली. त्यानंतर त्रास नाही. नवी गाडी घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करून घ्यावं.

बॅटरीचं नीट सांगतो, कारण गाडी मरते ती बॅटरीनं. प्रत्येक बॅटरीत सहा सेल, चार बॅटऱ्यांचे 24. प्रत्येकाचं झाकण उघडून पाण्याची पातळी पाहायची आणि कमी असेल तर डिस्टिल वॉटर टाकायचं. बोअरचं नाही, फिल्टरचं नाही, आरओचंही नाही. ॲसिड तर अजिबात नाही. पाणी चार्जिंग झाल्यावर टाकायचं, आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना उकळून बाहेर येतं आणि टर्मिनलवर हिरवं-पांढरं धरतं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीत लावायची नाही. आमच्याकडे पहिला महिनाभर गाडी सामानाच्या खोलीत, गायनाच्या पेट्या आणि गाद्यांच्या शेजारी चार्जिंगला लागत होती. मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला. आता मागच्या पडवीत लावतो. विदर्भातला उन्हाळा पाणी पितो. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला तेव्हा मी आठवड्यातून दोनदा पाणी टाकलं. आणि डिस्चार्ज झालेली गाडी तशीच दोन-तीन दिवस उभी ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग कितीही चार्ज करा, पोट भरत नाही.

मार्चपर्यंत हे सगळं "कोणीतरी" करत होतं. कोणीतरी म्हणजे कधी मी, कधी ड्रायव्हर, कधी दोघंही समजायचो की दुसऱ्यानं केलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी, आकडा कमी म्हणजे सेल अशक्त) लावला तर तिसऱ्या बॅटरीचं दुसरं सेल 1.15 वर. बाकीची 1.26 च्या आसपास. झाकण उघडून टॉर्च मारला, प्लेटा कोरड्या. चूक माझीच होती.

आमच्यापासून थोड्या अंतरावर एका मंडळीनं गावासाठी आरओचं मशीन बसवलं होतं. समर्पण दणक्यात, मोठे धर्मगुरू, कोनशिला, त्यावर सोनेरी अक्षरात तारीख. मी जेवायला होतो. आठ महिन्यांत मशीन बंद पडलं, तिथलं पाणी जड, मेंब्रेन चोंदलं आणि ते बदलायचे पैसे कोणी धरलेच नव्हते. कोनशिला अजून चकचकीत आहे. त्या मंडळीला नावं ठेवायला मी लिहीत नाही, आमचीही गाडी त्याच रस्त्यानं निघाली होती.

एप्रिलमध्ये मी पाळकसाहेबांना म्हणालो की उपासनेत पाच मिनिटं द्या. त्यांनी दिली. पुढे आठ जण उभे राहिले. दर मंगळवार आणि शुक्रवारची रात्र, दोघं-दोघं, नावं फळ्यावर. प्लग कोण लावेल, कोण काढेल, पाणी कोण पाहील. त्यात दोन बाया आणि आबाजींचा नातू. पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठीही प्रार्थना केली आणि थाळीत या वेळी डिस्टिल वॉटरची पाच लिटरची कॅन ठेवली होती. काही लोक हसले. मी हसलो नाही. समर्पणाचा राहिलेला अर्धा मार्क मला तिथं मिळाला, पण पाच महिने उशिरा, म्हणून वर साडेचारच लिहिलेत.

त्याच दिवशी बॅटरीचा डबा सुरू केला. नव्या सेटचा भाव 44,000 सांगतात, जुना परत दिला तर 11,000 वळते. म्हणजे 33,000 पाहिजेत, बहुतेक पुढच्या उन्हाळ्याच्या आधी. आतापर्यंत 14,200 जमले. लोक दवाखान्यातून परत आले की काही ना काही टाकतात, भाडं म्हणून आम्ही मागत नाही. तांड्यावरच्या त्या बाईनं एकदा पैशाऐवजी दोन किलो तूर डाळ टाकली, डब्यात मावेना म्हणून वर ठेवून गेली. लिलावात 260 ला गेली.

पुसदच्या भाऊंना आणि बाकीच्यांना: गाडी घ्या, जमत असेल तर लिथियमची, महाग पडते पण पाणी टाकायची कटकट नाही. घेण्याआधी कंट्रोलर कुठं बसवलाय ते वाकून पाहा. समर्पण घाईत करू नका, आणि चावीसोबत चार्जरची वायरही थाळीत ठेवा. रोडगे जास्त करा, फीत कापायला न मिळालेले लोकही जेवायला येतात.

आज शुक्रवार, पाळी माझी आणि आबाजींच्या नातवाची. तो टॉर्च धरतो आणि मोबाइल पाहतो, दोन्ही एका हातानं. आत्ताच जाऊन आलो. तिसऱ्या बॅटरीचं दुसरं सेल आज 1.21. गेल्या आठवड्यात 1.22 होतं.